उलटीं अक्षरें

'उलट' या शब्दास आपल्या मराठींत फारशी प्रतिष्ठा नाहीं. उलट उत्तर देणारें माणूस कोणास आवडत नाहीं. उलट्या काळजाचा म्हटला कीं निर्दयपणाची परमावधि झाली. आणि चोराच्या उलट्या बोंबा तर जगजाहीरच आहेत. दोन जावांचें पटेनासें झालें म्हणजे त्यांच्यांत छत्तीसचा आंकडा आहे असें आपण म्हणतों. हा आंकडा देवनागरींत लिहून पाहावा. ३ आणि ६ हे एकमेकांकडे पाठ करून रुसल्यासारखे बसलेले दिसतील. आणि त्यांचीच अदलाबदल करून ६३ लिहिले, कीं दोघे समोरासमोर येऊन जणूं बोलूं लागतात.

परंतु विणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईस विचारावें. एक सुलट, एक उलट असे टाके घातल्यावांचून स्वेटरच्या गळ्याला आणि मनगटाला ताण धरतां येत नाहीं. तेव्हां उलट तितकें सगळेंच वाईट, असें म्हणण्याची सोय नाहीं. तें कोणासाठीं केलेलें आहे, आणि त्यांतून सुलट पुन्हां हातीं लागतें कीं नाहीं, यावर त्याचें बरेंवाईटपण ठरत असावें. अलीकडे आमच्या घरांतील तरुण मंडळींनीं जी एक नवी टूम काढली, तिच्यामुळें या प्रश्नाचा मला थोडा अधिक विचार करावा लागला.

आमचें घर जळगांवचें. थोरले दीर, धाकटे दीर, जावा, मुलेंबाळें, आणि या सर्वांच्या वर माझ्या सासऱ्यांची बहीण, म्हणजे आत्याबाई, असा आमचा एकत्र संसार आहे. शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्तानें कांहीं पांखरें पुण्यास आणि नाशकास उडालीं आहेत. तरी साऱ्या घराण्याचा म्हणून फोनवर एक गट केलेला आहे, आणि सणवार, दुखणींबाणीं, परीक्षांचे निकाल अशा सर्व वार्ता त्यावर येत असतात. या गटावर गेल्या वर्षापासून मधूनमधून अशा ओळी दिसूं लागल्या, कीं त्यांतील प्रत्येक अक्षराचें डोकें खालीं आणि पाय वर! वाचण्यासाठीं फोन फिरवावा, तर फोनच्या अंगच्या शहाणपणामुळें आंतला मजकूरही फिरे. शेवटीं थोरले भावोजी म्हणाले, "आतां या वयांत पत्रें वाचण्यासाठीं मला शीर्षासन शिकावें लागणार!" मुलें खूप हंसलीं, आणि उलट्या ओळींना आणखीच ऊत आला.

चित्र उलटें टांगावें तशी ती ओळही उलटी टांगलेली असते, असें पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः तसें नाहीं. फोन किंवा संगणक यांस अक्षराचा आकार कळत नाहीं. कळतो तो त्या अक्षराचा क्रमांक. जगांतील लिप्यांच्या अक्षरांना असे क्रमांक वांटून देणारी जी व्यवस्था १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली, तिला युनिकोड म्हणतात. तिच्यांत रोमन लिपींतील लहान 'ए' चा क्रमांक ९७ आहे. आणि ज्याचे पाय वर झाले आहेत अशा 'ए' चा क्रमांक ५९२ आहे. आपल्या डोळ्यांना तें एकाच अक्षराचें सोंग वाटतें. यंत्राच्या लेखीं मात्र तीं दोन परकीं अक्षरें आहेत, 'क' आणि 'ह' जितकीं निराळीं तितकींच. उलटी ओळ करून देणारी जी सोय मुलें वापरतात, ती इतकेंच करते कीं, प्रत्येक अक्षराच्या जागीं त्याच्या उलट्या आकारासारखें दिसणारें दुसरेंच अक्षर ठेवते, आणि मग साऱ्या अक्षरांचा क्रम शेवटाकडून आरंभाकडे असा फिरवते. कारण कागद अर्धा फेरा फिरविला, कीं शेवटचें अक्षर पहिलें होतें. सुलट ओळ एका चौकटींत लिहावी, खालच्या चौकटींत ती उलटी होऊन येते. ती उचलून पाहिजे तेथें चिकटवावी. रोमन लिपींतील कांहीं लहान अक्षरांची तर आपापसांतच सोय लागते. 'बी' फिरविला कीं 'क्यू' होतो, 'डी' चा 'पी' होतो, 'एन' चा 'यू' होतो. आणि 'ओ', 'एस', 'एक्स', 'झेड' हीं अक्षरें स्थितप्रज्ञासारखीं, कशींही फिरवा, तींच राहतात.

मग बाकीचीं उलटीं अक्षरें या व्यवस्थेंत आलीं कोठून? मुलांच्या करमणुकीसाठीं कोणी तीं मुद्दाम घडविलेलीं नाहींत. १८८६ सालीं पॅरिस येथें पॉल पासी यांच्या पुढाकारानें भाषाशिक्षकांचें एक मंडळ स्थापन झालें, आणि सर्व भाषांचे उच्चार एकाच लिपींत लिहितां यावेत म्हणून त्यानें एक ध्वनिलिपि ठरविली. ध्वनि पुष्कळ आणि रोमन अक्षरें सव्वीस. शिवाय प्रत्येक नव्या चिन्हासाठीं नवा खिळा पाडणें खर्चाचें काम. म्हणून छापखान्यांत असलेलेच खिळे उलटे बसवून नवीं चिन्हें करण्याची जी युक्ति इंग्लंडांत अलेक्झांडर एलिस यांनीं आधींच वापरली होती, तिचाच या मंडळींनीं आश्रय केला. उलटा 'आर' इंग्रजांच्या रकारासाठीं, उलटा 'एम' ओठ न गोलावतां काढलेल्या उकारासाठीं, उलटा 'वाय' इटालियनांच्या एका तालव्य लकारासाठीं, अशी वांटणी झाली. आणि उलटा 'ई' कशासाठीं म्हणाल? तो आपल्या अकारासाठीं! 'घर' या शब्दांतील 'घ' मध्यें जो ऱ्हस्व 'अ' दडलेला आहे, तो लिहून दाखवितांना ध्वनिशास्त्रज्ञ हाच उलटा 'ई' मांडतात. आपल्या वर्णमालेंतील आद्य स्वर परदेशी पंडितांच्या पोथींत असा पाय वर करून उभा आहे, ही गोष्ट मला फार मौजेची वाटली. युनिकोडांत त्याचा क्रमांक ६०१ आहे. हुबेहूब त्याच्यासारखाच दिसणारा ४७७ क्रमांकाचा आणखी एक उलटा 'ई' आहे, आणि नायजेरियांतील कनुरी भाषेचे लोक तो रोजच्या लिहिण्यांत एक सरळ, शहाणें अक्षर म्हणून वापरतात. म्हणजे मुलांनीं ज्यांना विदूषक केलें, तीं अक्षरें आपापल्या घरीं चांगलीं कामकरी आहेत.

देवनागरीची मात्र अशी उलटापालट करतां येत नाहीं. युनिकोडांत तिला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ घरें दिलेलीं आहेत. परंतु त्यांत उलट्या 'क' ला किंवा उलट्या 'म' ला जागा नाहीं. आणि ती दिली असती तरी तें रूप आपल्या डोळ्यांस रुचलें नसतें, असें मला वाटतें. रोमन अक्षरें जमिनीवर उभीं असतात. आपलीं अक्षरें दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखीं शिरोरेषेस लोंबत असतात. मोडी लिपींत तर आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तोंवर न उचलतां तिच्याखालीं अक्षरें सोडीत जावयाचीं, अशी रीतच होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे १९२६ सालच्या डिसेंबरांत धुळ्यास निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ सालीं तेथें स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळांत असे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. धुळें हें माझें माहेर. त्यामुळें मोडी अक्षराची ओळख मला लहानपणींच झाली होती. असला कागद उलटा धरावा, म्हणजे तळाशीं रेघ आणि तिच्यावर अक्षरें अशी पावसाळ्यांत कुंपणावर उगवलेल्या वेलींसारखी दाटी दिसते. पण वाचतां म्हणून कांहीं येत नाहीं.

आकारांनीं उलटतां येत नाहीं, तर निदान क्रमानें उलटावें, असें कोणी म्हणेल. त्यांतही एक अडचण आहे, आणि ती मोठी बोधप्रद आहे. रामनामाचा अधिकार नसलेल्या वाल्या कोळ्यानें 'मरा मरा' असा जप केला आणि त्याचेंच 'राम राम' झालें, ही कथा आपण सर्वांनीं आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. त्या कथेंत 'रा' आणि 'म' हीं दोन अक्षरें आहेत. तीं उलटलीं कीं 'मरा' होतें. यंत्राची गणना मात्र निराळी. त्याच्या लेखीं 'राम' या शब्दांत 'र', काना आणि 'म' अशीं तीन चिन्हें आहेत. म्हणून तें चिन्हांचा क्रम डोळे मिटून फिरवील, तर त्यांतून 'मरा' निघणार नाहीं, 'मार' निघेल! नारदांच्या ऐवजीं यंत्र भेटलें असतें, तर वाल्या कोळ्याचा जुनाच धंदा अधिक तेजीनें चालला असता. 'हरि' हा शब्द असाच उलटला, तर वेलांटीच सर्वांच्या पुढें येते, आणि तिला धरण्यास व्यंजन नसल्यामुळें एका ठिपक्यांच्या वर्तुळाला बिलगून ती बिचारी उभी राहते. आपल्या लिपींत व्यंजन आणि त्याचा स्वर यांचा संसार एकत्र कुटुंबासारखा आहे; ताटातूट केली, कीं दोघेही अर्थाला मुकतात.

या कारणानें आमच्या मुलांस मराठी ओळ उलटी करावयाची, तर ती आधीं रोमन लिपींत लिहावी लागते. म्हणजे मराठीनें प्रथम परका वेष घ्यावयाचा, आणि मग त्या वेषांत कोलांटी मारावयाची. एवढ्यावर सारें भागलें असतें, तर मीं लेखणी हातीं घेतली नसती. मुलांची हौस दोन दिवसांची असते, आणि घरांत हंसणें होत असेल तर तें मोडूं नये, असें मला नेहमीं वाटतें. परंतु आमच्या घरांत एक व्यक्ति अशी आहे, कीं जिला या हंसण्यांत भाग घेतां येत नव्हता.

आत्याबाई लहानपणापासून दृष्टिहीन आहेत. अंधशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. ब्रेल लिपि त्यांस उत्तम येते. आणि आज सत्तरीच्या घरांत असूनही नवी गोष्ट शिकण्याचा त्यांचा उत्साह आम्हां सुनांस लाजविणारा आहे. फोनवर आलेला मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी जी सोय असते, ती त्यांनीं चार वर्षांपूर्वीं एका महिन्यांत आत्मसात केली. सकाळीं त्या आवाजाकडून वर्तमानपत्र, दुपारीं एखादें पुस्तक, आणि दिवसभर घराण्याच्या वार्ता. मुलें रोमन लिपींत मराठी लिहितात, तेव्हां तो आवाज साहेबाच्या थाटानें शब्दांची मोडतोड करतो. परंतु आत्याबाईंनीं तेंही कानांनीं सोडवून घेण्याची संवय केली होती. पूर्वीं घरांत आलेलें पत्र त्यांस कोणीतरी सवडीनें वाचून दाखवी, आणि वाचणाऱ्यास जें वगळावेंसें वाटे तें वगळलें जाई. फोन आल्यापासून आपलें पत्र आपण वाचण्याचें सुख त्यांस मिळालें. त्या सुखाची किंमत डोळस माणसास सहसा कळत नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या भावोजींच्या मुलास बंगळूरास नोकरी लागल्याचें पत्र आलें. आनंदाच्या भरांत त्यानें ही वार्ता घराण्याच्या गटावर घातली, ती उलट्या ओळींत. पुण्याहून, नाशकाहून अभिनंदनाचा पाऊस पडला. आत्याबाई माजघरांत बसून फोन ऐकत होत्या. फोनचा आवाज कांहीं अक्षरें गिळीत होता, कांहींचीं यंत्राच्या कोशांतील लांबलचक इंग्रजी नांवें एकामागून एक घेत होता. खालीं येणारीं अभिनंदनें तेवढीं स्पष्ट वाचीत होता. कोणाचें आणि कशाबद्दल, याचा पत्ता नाहीं. फोन बिघडला असेल, असें मनाशीं म्हणून त्यांनीं तो बाजूस ठेवला. संध्याकाळीं शेजारच्या काकू आल्या, आणि दारांतूनच म्हणाल्या, "काय हो आत्याबाई, नातू निघाला म्हणे बंगळूरास! पेढे कुठें आहेत आमचे?"

मी त्या वेळीं देवापाशीं वात लावीत होतें. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर एक क्षण जें उमटलें, तें मीं पाहिलें. ज्या पोराला त्यांनीं पाढे शिकविले, ज्याच्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्या जाग्या राहिल्या, त्याच्या आयुष्यांतील एवढी मोठी वार्ता त्यांस उंबऱ्याबाहेरून कळत होती. पण त्या म्हणाल्या इतकेंच, "पेढे उद्यां हो! आज वार्ता ताजी आहे."

रात्रीं पानावर बसल्यावर त्यांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, "अरे, तुझें पत्र वाचतांना माझा फोन फार अडखळला. काय लिहिलें होतेंस रे असें?" मुलाच्या ध्यानांत सारें आलें, आणि त्याचा हात तसाच पानावर राहिला. "आत्याआजी, मीं गंमत म्हणून..." एवढेंच तो बोलूं शकला. आत्याबाई रागावल्या नाहींत. जेवण झाल्यावर त्यांनीं त्याला जवळ बसवून घेतलें, आणि ही गंमत होते तरी कशी, तें सगळें खोदखोदून विचारलें. कोणतें अक्षर कशाच्या जागीं येतें, क्रम कां फिरवावा लागतो, सारें समजून घेतलें. मग आपली ब्रेलची पाटी आणि टोचणी मागवून त्या म्हणाल्या, "म्हणजे तूंही उलटें लिहितोस. अरे, मीही सहा वर्षांची होतें तेव्हांपासून उलटेंच लिहीत आलें आहें!"

ब्रेल हातानें कसें लिहितात, हें पुष्कळ वाचकांनीं पाहिलें नसेल. जाड कागद पाटीच्या खांचांत बसवून टोचणीनें एकेक ठिपका दाबावयाचा. ठिपका दाबतो या बाजूस आणि फुगून वर येतो कागदाच्या पलीकडच्या बाजूस. वाचणारा बोट फिरविणार तें त्या पलीकडच्या बाजूवर. म्हणून लिहिणाऱ्यानें ओळ उजवीकडून डावीकडे लिहावयाची, आणि प्रत्येक अक्षर आरशांत पाहिल्यासारखें फिरवून लिहावयाचें. यांत चूक झाली तर अनर्थ होतो, कारण रोमन अक्षरांच्या ब्रेलमध्यें 'डी' आणि 'एफ' हीं अक्षरें एकमेकांचीं प्रतिबिंबें आहेत, 'एच' आणि 'जे' हीं तशींच. ब्रेल लिहिणाऱ्या प्रत्येक मुलास हें उलटें जग हातांत मुरवून घ्यावें लागतें. त्या रात्रीं आत्याबाईंनीं नातवाचें नांव पाटीवर असें उलटें टोचलें, कागद काढून पालथा केला, आणि त्याचें बोट धरून त्यावरून डावीकडून उजवीकडे फिरविलें. "मी उलटें लिहितें, तें वाचणाऱ्याच्या बोटाला सुलट लागावें म्हणून," त्या म्हणाल्या. "तूं कोणासाठीं लिहितोस, तें तूं पाहा."

हे शब्द ऐकतांना मला माझे वडील आठवले. ते धुळ्यास एका छापखान्यांत जुळारी होते. जुळाऱ्याचा सारा जन्म उलट्या अक्षरांत जातो. खिळ्यावर कोरलेलें अक्षर आरशांतल्यासारखें. आणि डाव्या हातांतील पट्टींत खिळे लावावयाचे ते डोकीं खालीं करून. समोर शेंकडों खण, त्यांत सुटीं अक्षरें, जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या. आणि खिळ्याच्या अंगावरील खांच बोटास लागली, कीं तो कसा बसवावयाचा हें न पाहतां कळे. त्यांना उलटें वाचण्याची इतकी संवय झाली होती, कीं मी पाटीवर शुद्धलेखन लिहीत असलें म्हणजे ते समोर बसून, पाटी न फिरवितां, माझ्या चुका दाखवीत. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्यानें मराठी आणि संस्कृत ग्रंथांस जें देखणें रूप दिलें, त्याचें त्यांना फार कौतुक असे, आणि तशा पुस्तकाचें पान उघडून ते म्हणत, "हें कोणीतरी सारें उलटें लावलें आहे, म्हणून आपल्याला सुलट दिसतें आहे."

त्यांच्या धंद्यांतील आणखी एक रीत मला आठवते. जुळणी चालूं असतां एखाद्या अक्षराचे खिळे संपले, तर त्याच्या जागीं दुसराच एक खिळा बूड वर करून उभा करीत. कच्च्या छापावर तेथें काळा ठसा उमटे, आणि येथें खरें अक्षर बसवावयाचें राहिलें आहे, हें सर्वांस कळे. पान वाचकाच्या हातीं जाण्यापूर्वीं त्या जागीं योग्य खिळा आलाच पाहिजे, असा दंडक होता. उलटा खिळा ही छापखान्याच्या आंतली खूण होती. ती वाचकाच्या माथीं मारावयाची नसे.

ज्या उलट करण्याला नियम आहे, आणि त्या नियमानें मूळ परत मिळतें, तें उलट करणें ही विद्या होय. आमच्या जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापन केला, असें त्यांत कोरलेलें आहे. त्या भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतींत व्यस्तविधि नांवाची रीत सांगितली आहे. उत्तर हातीं असतां मूळ संख्या काढावयाची, तर शेवटाकडून मागें यावें. गुणाकाराच्या जागीं भागाकार करावा, मिळवणीच्या जागीं वजाबाकी, वर्गाच्या जागीं वर्गमूळ. एका संख्येस ३ नें गुणून ५ मिळविले आणि २६ आले. तर २६ मधून ५ वजा केले म्हणजे २१, त्यांस ३ नें भागलें म्हणजे मूळची संख्या ७. सारें उलटें केलें, आणि हरवलेलें सांपडलें! याच लीलावतीवर टीका लिहिणारे गोदावरीकांठच्या पाथरीचे सूर्यकवि हे सोळाव्या शतकांत होऊन गेले. त्यांनीं 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलें. त्यांतील श्लोक आरंभाकडून वाचले तर रामकथा, आणि शेवटाकडून वाचले तर कृष्णकथा. उलटूनही देवच हातीं येतो, अशी ही करामत. परदेशांतही असा नियमबद्ध उलटेपणा आहे. कॅनडांतील क्री लोकांसाठीं जेम्स ईव्हान्स यांनीं १८४० सालीं जी लिपि तयार केली, तिच्यांत एकच आकृति चार दिशांना फिरवून चार स्वर दाखवितात. तेथें अक्षर फिरविणें हा व्याकरणाचा भाग आहे.

या कसोटीवर मुलांची टूम घासून पाहिली, तर तिच्यांतील उणें कोठें आहे तें कळतें. डोळस माणूस मान वांकडी करून मूळ ओळ परत मिळवितो. त्याच्यापुरता व्यस्तविधि पुरा होतो. परंतु जो कानांनीं वाचतो, त्याच्या हातीं आकार येत नाहींत, क्रमांक येतात. आणि ते क्रमांक भलत्याच अक्षरांचे असल्यामुळें त्याला मागें येण्यास वाटच राहत नाहीं. तीच गत पुढें कधीं जुनें पत्र शोधूं म्हणणाऱ्याची. 'बंगळूर' म्हणून शोध घेतला, तर ती उलटी ओळ सांपडावयाची नाहीं. शिवाय दिसण्यांत सारखीं पण क्रमांकानें निराळीं अशीं अक्षरें वापरून खोटे पत्ते तयार करणारे आणि भोळ्या माणसांस फसविणारे लोकही जगांत आहेत; त्यांची विद्या हीच.

आत्याबाईंनीं मात्र घरांत बंदी घातली नाहीं. "आधीं सुलट लिही, खालीं पाहिजे तर उलट," एवढाच त्यांचा नियम आहे. पहिली ओळ त्या ऐकतात आणि दुसरी बोटाच्या एका हालचालीनें ओलांडतात. शिवाय त्यांनीं मुलांस दुसरा खेळ लावून दिला आहे, ज्यांत त्यांनाही उतरतां येतें. 'चिमा काय कामाची', 'ती होडी जाडी होती', 'रामाला भाला मारा' हीं वाक्यें आपण सर्वांनीं शाळेंत म्हटलेलीं आहेत. मागून पुढें वाचलीं तरी तींच राहतात. अशीं नवीं वाक्यें घडविण्याची चढाओढ हल्लीं रात्रीं जेवणानंतर चालते, आणि तींत आत्याबाईंचा हात कोणी धरीत नाहीं. हा उलटेपणा देवनागरीला मानवतो, कारण तो अक्षरांचा आहे. आणि कानाला कळतो, कारण तो उच्चारांचा आहे.

आमच्या खानदेशांत कान आणि अक्षर यांचें नातें जुनें आहे. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं, आणि साने गुरुजींनीं तीं ऐकतां ऐकतां उतरून घेतलीं. त्यामुळेंच तुरुंगाच्या भिंतींबाहेरच्या लोकांस तीं वाचावयास मिळालीं. जळगांवच्या बहिणाबाई चौधरींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत त्या गात, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीं जपलेलीं तीं गाणीं, बहिणाबाई वारल्यावर, १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. बोललेलें कानानें टिपून डोळ्यांपर्यंत पोंचविण्याचें काम त्या पिढीनें केलें. आज लिहिलेलें पुन्हां कानापर्यंत पोंचविण्याचें काम यंत्र करीत आहे, आणि आपण सुलट लिहिलें तरच तें त्यास साधणार आहे. जिला लिहितां येत नव्हतें तिच्या ओव्या ज्या मातींत लिहिणाऱ्यानें इतक्या मायेनें जपल्या, तेथें जिला दिसत नाहीं तिला वाचतां यावें, एवढें लिहिणाऱ्यानें पाहणें कांहीं जड नाहीं.